कादंबरीतल्या भावाची बहीण

स्टाफरूममध्ये दाराजवळ कुमुदताईंची एक खुर्ची होती. तिच्यावर त्या कधी बसायच्या नाहीत. चहाचा कप तिच्यावर ठेवायच्या, नकाशांची गुंडाळी तिला टेकवून उभी करायच्या आणि स्वतः येरझाऱ्या घालत बशीतून चहा प्यायच्या. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी नेमकी त्या खुर्चीवर जाऊन बसले. कोणीतरी डोळ्यांनी खुणावलं तशी घाईनं उठले आणि म्हणाले, "ताई, बसा ना तुम्ही."

"बसून काय होतं?" त्या म्हणाल्या. "तू कोण? नवी मराठीवाली? चल, शाळा दाखवते."

शाळा दाखवायला म्हणून निघालो ते फाटकाबाहेर पडून पार बुधवाऱ्याच्या बाजारापर्यंत गेलो आणि परत आलो. मी जळगावकडून नवीनच बुऱ्हाणपुरात आले होते, गाव माहीत नव्हतं. वाटेत त्यांनी मला चांगला दराबा, म्हणजे तिथली रव्याची मिठाई, कुठं मिळतो ते दाखवलं, कोणत्या गल्लीत चिखल असतो ते सांगितलं आणि बोलता बोलता मधेच गप्प होऊन समोरून येणाऱ्या माणसाकडे रोखून पाहिलं. तो माणूस निघून गेल्यावर अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. हे तीनचारदा झालं. मला वाटलं, बाईंची नजर कमजोर असेल.

नजर चांगली तेज होती. वर्षभरानं लक्षात आलं की त्या फक्त पुरुषांकडे तसं बघतात, तेही एका ठरावीक वयाच्या. मी आले तेव्हा त्या पन्नाशीच्या माणसांचे चेहरे निरखायच्या. पुढं मी शाळेत जुनी झाले तेव्हा साठीच्या माणसांचे.

आमची शाळा मुलींची. कुमुदताई भूगोल शिकवायच्या. उंच, सडपातळ, साडी घोट्याच्या जरा वरच नेसलेली, म्हणजे चालताना पायात येऊ नये. वर्गात पुढून मागं, मागून पुढं अशा फिरत शिकवायच्या, त्यामुळे मुलींच्या माना सारख्या फिरायच्या. शाळा सुटली की सरळ लोधीपुऱ्यातल्या घरी कधी जायच्या नाहीत. आधी बुधवारा, मग तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्या, मग घर. घराच्या मागं पॉवरलूम होते, त्यांचा खटखटाट दिवसभर चालायचा. मी एकदा म्हटलं, "ताई, या आवाजात झोप कशी लागते?" तर म्हणाल्या, "आवाज बंद पडला की जाग येते."

त्यांच्या भावाची गोष्ट मला त्यांनी सांगितली नाही. ती गावानं सांगितली, आणि गावाच्या आधी मी ती वाचलेली होती. सगळ्या मराठीवाल्यांनी वाचलेली असते.

ती कादंबरी एम. ए.ला आम्हाला होती. प्रकरणं नाहीत, पानंच्या पानं पूर्णविराम नाही, आणि एका तरुणाच्या डोक्यात चाललेला एका दिवसाचा विचार. त्या तरुणाला नाव नाही, फक्त 'तो'. नोकरीत मन नाही, घरात मन नाही, तापीच्या काठानं हिंडतो आणि शेवटी पहाटे घर सोडून निघून जातो. त्याची बहीण सरू खिडकीत उभी असते. ती त्याला जाताना बघते आणि हाक मारत नाही. तिथे कादंबरी संपते. या शेवटावर आमच्या सरांनी दोन तास व्याख्यान दिलं होतं.

कादंबरीचे लेखक तरुणपणी बदलीच्या नोकरीवर बुऱ्हाणपुरात होते आणि कुमुदताईंच्या घरी वरच्या खोलीत राहत होते. खालच्या मजल्यावर कुमुदताई, त्यांचा मोठा भाऊ माधव आणि आई. वडील आधीच गेलेले. माधव गिरणीत कारकून होता. कादंबरी आली, गाजली, आणि साऱ्या बुऱ्हाणपूरला कळलं की हा 'तो' म्हणजे आपला माधव. पुढं दोनेक वर्षांनी माधव खरोखरच घर सोडून गेला. पुस्तक खरं ठरलं म्हणून त्याची कीर्ती आणखी वाढली.

कुमुदताई त्या लेखकाचं नाव कधी घ्यायच्या नाहीत. 'आमचे भाडेकरू' म्हणायच्या.

एका वर्षी त्याच कादंबरीचा शेवटचा उतारा अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आला. शिकवायचा मला. मी तो जमेल तितका पुढं ढकलला. शेवटी एकदाचा काढला आणि मुद्दाम हळू आवाजात वाचू लागले, कारण शेजारच्या वर्गात त्यांचा तास होता. पण मुलींना सगळं माहीत. एक दोघी कुजबुजल्या, सगळा वर्ग भिंतीकडे बघायला लागला. तेवढ्यात दारात कुमुदताई उभ्या.

"वाच ना. काय करून राहिली तू, असं तोंडातल्या तोंडात?"

मी वाचलं. खिडकी, पहाट, हाक न मारणारी सरू. त्या बाकांमधून चालत ऐकत होत्या. संपल्यावर फळ्यापाशी येऊन मुलींना म्हणाल्या, "ही सरू म्हणजे मी, असं लोक म्हणतात. विचारा काय विचारायचं ते."

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "ताई, तुम्ही भावाला थांबवलं का नाही?"

"मी घरी नव्हते," कुमुदताई म्हणाल्या. "खंडव्याला होते, ट्रेनिंगला. सुट्टीत आले तर आईनं सांगितलं, माधव चार दिवसांपासून आला नाही. आणि आमच्या घराला रस्त्याच्या बाजूला खिडकीच नाही. गॅलरी आहे, ती पण मागं, लूमकडे. आजून?"

मुलगी उभीच राहिली. "पण असत्या तर थांबवलं असतं?"

कुमुदताई त्या मुलीच्या बाकापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "कॉलर धरून." आणि आपल्या वर्गात निघून गेल्या. त्या उताऱ्याखालचे प्रश्न मी मुलींना घरी सोडवायला दिले.

तेव्हापासून त्या माझ्याशी मोकळं बोलायला लागल्या. लग्न का केलं नाही असं मी त्यांना विचारलं नव्हतं, पण एकदा राजघाटावरून परत येताना स्वतःच म्हणाल्या, "एक स्थळ आलं होतं चांगलं. पोहे झाले, बोलणं झालं. मुलाची बहीण म्हणे, वहिनी, जरा गॅलरीत उभ्या राहा ना, पुस्तकात खिडकीत उभ्या आहात तशा. मी आईला म्हटलं, यांना हवं तर पोह्यांच्या वाट्या-चमचे देऊन टाक, पण मी यांच्या घरी जाणार नाही." मग हसल्या. "दुसरं आलं त्यांनी विचारलं, भाऊ असा, मग मुलगी कशी निघेल? मतलब, त्यांनी पण वाचलेलं होतं."

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या भावाला शोधायला निघायच्या. कोणीतरी येऊन सांगायचं, नाशिकला एका मठात दिसला, जबलपूरला घाटावर दिसला. त्या गाडीत बसून जायच्या. एकदा मला बरोबर नेलं. ओंकारेश्वरला नर्मदेच्या काठी एक साधू आहे, कोणाशी बोलत नाही, चेहरा अगदी माधवसारखा, असं केळीच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं होतं.

उन्हानं पायऱ्या तापलेल्या. आम्ही विचारत विचारत गेलो. एका झाडाखाली तो साधू बसला होता, दाढी छातीपर्यंत. कुमुदताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, वाकून अगदी जवळून चेहरा पाहिला, मग कान पाहिले. "नाही," म्हणाल्या. मला वाटलं, आता परत फिरतील. पण त्या तिथेच उभ्या राहून त्याला हिंदीत रागवायला लागल्या. "बाबा, घर में कोई है आपका? माँ है? बहन है? उनको पता है आप यहाँ बैठे हो?" साधू गोंधळला. मौन सोडून म्हणाला, "एक भाई है, हरदा में." "तो खबर करो उसको," कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यानं मान हलवेपर्यंत हलल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये बराच वेळ बाहेर बघत होत्या. मी विचारलं, "ताई, इतकी वर्षं झाली. थकत नाही?"

"थकते. पण घरी बसले की जास्त थकते."

पुण्याला भाडेकरूंच्या घरी त्या गेल्या त्या वेळीही मी बरोबर होते. माझ्या एका नातेवाइकाचं लग्न होतं पुण्याला. कुमुदताई म्हणाल्या, मीही येते. लग्न राहिलं बाजूला, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लेखकांच्या दारात. ते आता म्हातारे झाले होते, कानाला यंत्र होतं. त्यांनी कुमुदताईंना ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सरू."

"कुमुद," त्या म्हणाल्या.

त्यांनी चहा सांगितला, बसायला सांगितलं. कुमुदताई पुस्तकांच्या कपाटापाशी उभ्या राहिल्या. लेखक आईबद्दल, लोधीपुऱ्याबद्दल बोलत होते, आईच्या हातच्या भाकरीची आठवण काढत होते. माणूस भला वाटला मला. मधेच कुमुदताईंनी विचारलं, "माधव कुठं गेला?"

"कुमुद, मला कसं माहीत असणार?"

"तो जाणार हे तुम्हाला माहीत होतं. जायच्या आधी लिहिलं तुम्ही. मग कुठं गेला ते पण माहीत असेल."

त्यांनी यंत्र कानात नीट बसवलं. मग म्हणाले, "तो जाईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. उलट वाटायचं, हा कुठं जाणार नाही. मला जायचं होतं तिथून. मी माझं लिहिलं, चेहरा त्याचा घेतला. मला तो तेवढाच दिसला."

"तुम्हाला दिसला नाही, तुमचं काम संपलं," कुमुदताई म्हणाल्या. "माझं नाही संपलं." चहा तसाच टाकून त्या जिना उतरल्या. खाली येऊन मला म्हणाल्या, "चांगला माणूस आहे गं. म्हणून तर राग कुठं काढावा कळत नाही." पुढल्या वर्षी ते लेखक वारले. वर्तमानपत्रात मोठा लेख आला, त्यात सरूवर एक अख्खा परिच्छेद होता. कुमुदताईंनी तो वाचला नाही.

त्या निवृत्त झाल्या. माझं त्यांच्या घरी जाणं सुरूच राहिलं, कारण शाळेतून निघाले की पाय आपोआप लोधीपुऱ्याकडे वळायचे. अलीकडे पुण्याहून एक तरुण आला. जुन्या कादंबऱ्यांवर व्हिडिओ करायचा. त्यानं मला शोधून काढलं आणि मी त्याला कुमुदताईंकडे नेलं. त्याचा पहिला प्रश्न खिडकीचा. कुमुदताईंनी त्याला मागची गॅलरी दाखवली. तिथे लूमच्या आवाजात काही ऐकू येईना, तेव्हा स्वयंपाकघरात कॅमेरा लावला.

त्यानं विचारलं, "त्या पहाटे सरूला काय वाटलं असेल?"

"सरूचं मला माहीत नाही," कुमुदताई म्हणाल्या. "तू माधवबद्दल विचार ना. कोणीच विचारत नाही." आणि त्याच्या विचारण्याची वाट न बघता सुरू झाल्या. दादा शिट्टी फार छान वाजवायचा. पानात वांगं पडलं की उठून जायचा. सायकलची चेन, टॉर्च, आईचं शिलाई मशीन, काहीही बिघडलं की उघडून त्याच्यासमोर मांडी घालून बसायचा आणि नीट करूनच उठायचा. विचार करायचा त्याला कंटाळा होता. "पुस्तकात तो दोनशे पानं विचार करतो," त्या म्हणाल्या. "आमचा दादा दोन मिनिटं पण करत नव्हता."

मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते आणि त्या माणसाबद्दल हे पहिल्यांदाच ऐकत होते. खरं सांगायचं तर मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. मला 'तो' पाठ होता.

तरुणानं व्हिडिओ मोबाइलवर टाकला, खाली हिंदीत वाक्यं दिली, माधवचा गिरणीतला फोटो लावला आणि कोणाला काही माहीत असेल तर म्हणून माझा नंबर दिला. काही दिवस साधूंचे फोन आले, म्हणजे साधू पाहिल्याचे. मग एका दुपारी एका मुलीचा फोन आला, इटारसीहून.

"मैडम, वो जो आंटी बोल रही हैं ना, बैंगन वाली बात," ती म्हणाली, "हमारे दादाजी भी उठ जाते हैं। और फोटो उन्हीं की है।"

मी कुमुदताईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. उभ्यानंच, ओट्यावर. त्यांनी तांदूळ पुरते निवडले, डब्यात भरले, झाकण लावलं आणि विचारलं, "इटारसी?"

"हो."

"साधू?"

"मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, स्टेशनजवळ. बायको, मुलगा, नात आहे."

त्यांनी ओट्याची कड धरली. "जबलपूरला जाताना इटारसीला गाडी थांबायची. दर वेळी मी खाली उतरून चहा प्यायची," त्या म्हणाल्या. "पुस्तकात जसा गेला तसाच शोधत गेले मी त्याला. घाट, मठ. दुकानात कधी डोकावलेच नाही."

दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. दुकान लहान, काउंटरवर उघडलेला पंखा, त्याच्यामागं पांढऱ्या केसांचा, जाड चष्म्याचा माणूस. कुमुदताई फळीबाहेर उभ्या राहिल्या. त्यानं मान वर केली आणि स्क्रू हातातच राहिला. "कुमी," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यांना कोणी कुमी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

घरी गेल्यावर भाभीनं पोहे केले, नात सारखी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. माधवकाका हळू बोलायचे, मराठीत मधेमधे अडायचे. "बुधवाऱ्यात चहाला गेलो की सगळे म्हणायचे, 'तो' आला. बोल ना काही, पुस्तकातल्यासारखं. मी पण बोलायचो. पहिले मजा वाटली. मग गिरणीतले लोक विचारायला लागले, कधी जाणार? चेष्टेत. रोज विचारायचे. माधव कोणी म्हणतच नव्हतं. एक दिवस गेलो." ते चष्मा पुसायला लागले. "महिन्याभरात परत येणार होतो. मग लाज वाटायला लागली. मग उशीर झाला. मग आणखी उशीर झाला."

कुमुदताईंनी विचारलं, "आई गेली ते कळलं तुला?"

"कळलं."

"कोणी सांगितलं?"

काका खाली बघत होते. "आलो होतो मी. बुऱ्हाणपूरला. ती गेल्याला वर्ष होत आलेलं, मला माहीत नव्हतं. स्टेशनवरून टांग्यात बसलो, टांगेवाला आपल्याच भागातला, मला ओळखलं नाही त्यानं. त्यानंच सांगितलं, त्या घरची म्हातारी गेली, मुलगी एकटी असते. घरी यायची हिंमत नाही झाली. राजघाटावर गेलो, आंघोळ केली आणि परतलो."

कुमुदताई उठल्या. पोह्यांची बशी मोरीत नेऊन धुतली, पालथी घातली. "परतीची गाडी कोणती मिळेल?" त्यांनी नातीला विचारलं. भाभी थांबा थांबा म्हणत राहिली. काका दारापर्यंत आले, पुढं आले नाहीत. गाडीत कुमुदताई एकच वाक्य बोलल्या. "राजघाटापर्यंत आला, आणि तिथून आमचं घर हाकेवर."

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. शोधायचं काही उरलं नव्हतं आणि पाय तर थांबत नव्हते. त्या बुधवाऱ्याला जायच्या आणि कोणाच्याच चेहऱ्याकडे बघायच्या नाहीत. नातीचे फोन यायचे, उचलायच्या नाहीत. मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "मराठीवाले, तू नको सांगू. तुला शेवट आवडतात."

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर दारापाशी रिक्षा उभी. माधवकाका नातीचा खांदा धरून उतरत होते. मोतीबिंदूमुळे पायऱ्या नीट दिसत नव्हत्या; ऑपरेशन इथंच करायचं ठरल्याचा नातीचा निरोप मी आधीच कुमुदताईंना दिला होता. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे आले, समोरच्या दुकानातला आला, कॉलेजची दोन पोरं मोबाइल काढून पुढं झाली. एक म्हणाला, "अरे, हाच 'तो'. सर, एक फोटो, ताईंसोबत, दारात." काका तिथेच थबकले. चेहरा असा झाला की आता रिक्षात परत बसतील.

कुमुदताई आतून आल्या. हाताला पीठ लागलेलं होतं. त्या भावाकडे न बघता त्या पोरांसमोर गेल्या.

"हा माझा भाऊ आहे. माधव नाव आहे याचं. डोळ्याच्या ऑपरेशनला आला आहे. आता चला, आपापल्या कामाला लागा, गर्दी नका करू."

पोरं मागं सरली. मग त्या काकांकडे वळल्या. "ये. पायरी उंच आहे, संभाळून." काकांनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण त्या आत गेल्या होत्या आणि आतून विचारत होत्या, "डॉक्टरनं सकाळी उपाशी यायला सांगितलं का खाऊन?"

ऑपरेशन चांगलं झालं. काका महिनाभर राहिले. दोघांत समेट झाला का, कुमुदताईंनी त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. घरात भांडणं व्हायची ती मात्र मी ऐकली आहेत. पंखा दुरुस्त करताना स्क्रू कुठं ठेवले यावरून, आईचं मशीन विकलं का यावरून, कधी राजघाटावरून. भांडण झालं की दोघंही जेवायला वेळेवर यायचे.

त्याच महिन्यात माझी बदली झाली आणि मी खरगोनला निघाले. त्या दिवशी आठवडी बाजार होता, सगळा रस्ता भरलेला. माझी रिक्षा गर्दीत अडकली होती. पलीकडे भाजीच्या ढिगांमध्ये मला ती दोघं दिसली. काका डोळ्यांवर काळा चष्मा लावून एका गाड्यावरची जुनी कुलपं निरखत होते. कुमुदताई त्यांच्याकडे पाठ करून मेथीवालीशी हुज्जत घालत होत्या, चांगल्या जोरात, मान हलवून. उजव्या हातात मेथीची जुडी होती. डावा हात मागं होता आणि त्या हातानं त्यांनी भावाच्या शर्टाची बाही मुठीत धरून ठेवली होती.

गर्दीचा लोंढा आला. काका जरासे पुढं सरकले. बाही ताणली गेली. कुमुदताईंनी मागं न बघता ती ओढून घेतली आणि मेथीवालीला म्हणाल्या, "बोल, पुढं बोल."